मामंजींची चार विशेषणं

एका इंग्रजी विशेषणासाठी नोकरी पणाला लावणारा माणूस सातारा-सांगलीकडच्या अख्ख्या मुलखात एकच होऊन गेला, आणि त्याच्या घरात सून म्हणून जायचं माझ्या कपाळी होतं. मामंजी म्हणजे माझे सासरे. सांगलीच्या पूर्वेला, जतच्या वाटेवर एक चिमुकलं संस्थान होतं, तिथल्या कचेरीत ते अहवालनवीस होते. संस्थान एवढं लहान की सकाळी टांग्यात बसून निघालेला माणूस जेवणाच्या वेळेला दुसऱ्याच्या राज्यात पोचे. तरी त्यालाही मोठ्या संस्थानांसारखा वर्षाचा कारभाराचा अहवाल इंग्रजीत छापून कोल्हापूरच्या रेसिडेंटसाहेबांकडे, म्हणजे इंग्रज सरकारच्या प्रतिनिधीकडे, पाठवावा लागे. शेती, पाऊस, शाळा, दवाखाना, तुरुंग अशी त्यात प्रकरणं असत. तुरुंगात बहुधा कोणी नसे, पाऊस तर नसेच. घडण्यासारखं काही घडत नसलेल्या राज्याचा पन्नास पानी अहवाल लिहिणं हे काम सोपं नव्हे. मामंजींनी ते बावीस वर्षं केलं आणि त्या बावीस वर्षांत त्यांना जगात एकच प्रश्न खरा वाटू लागला. एखादी गोष्ट लक्ष देण्याजोगी आहे हे ठरलं, तर ती नेमकी किती लक्ष देण्याजोगी?

त्यासाठी त्यांच्याकडे चार शब्द होते, आणि एखाद्या वैद्यानं मात्रा जपाव्यात तसे ते जपत. नोटिसेबल म्हणजे नुसतं डोळ्यांना दिसतं ते. नोटेबल म्हणजे लोक ज्याला आधीपासून ओळखतात ते. नोटवर्दी म्हणजे लोक ओळखत नाहीत, पण ज्याची नोंद व्हायला हवी ते. आणि रिमार्केबल म्हणजे ज्याच्याबद्दल बोलल्यावाचून राहवतच नाही ते. "लोक चारही शब्द एकाच पिशवीत भरतात आणि हाताला येईल तो काढतात," असं ते म्हणत, आणि हे म्हणताना त्यांचा चेहरा असा होई की जणू कोणी देवाच्या ताम्हनात दाढीचं पाणी घेतलं आहे. रिमार्केबल हा शब्द त्यांनी मी त्या घरात येईपर्यंत एकदाच वापरला होता. तोही पावसाला. एका वर्षी आमच्या भागात सलग तीन दिवस पाऊस पडला, तेव्हा.

मला बघायला ते सासूबाईंना घेऊन साताऱ्याला आमच्या घरी आले, तेव्हाची गोष्ट. मी मॅट्रिक झालेली, म्हणून आईला धास्ती होती की मुलगी फार शिकलेली वाटेल. तिनं मला पोहे नेऊन द्यायला सांगितलं आणि नजर खाली ठेवायला सांगितलं. मामंजींनी पोह्यांकडे पाहिलं नाही. खिडकीतून समोर अजिंक्यतारा दिसत होता. त्याच्याकडे बोट करून ते म्हणाले, "बाळ, हा किल्ला नोटिसेबल की नोटेबल?" माझ्या वडिलांचा चहाचा पेला हातातच राहिला. मी म्हटलं, "परगावच्या माणसाला दोन्ही. आम्हाला नुसता नोटेबल. रोज समोर असतो, त्यामुळे तो आम्हाला दिसतच नाही." मामंजींनी किल्ल्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. मग सासूबाईंकडे वळून म्हणाले, "मुलगी पसंत आहे." सासूबाईंना भाकरी, शिवण, गाणं असं बरंच विचारायचं होतं. ते सगळं त्यांनी लग्न झाल्यावर मला एकेक करून विचारलं, आणि दर वेळी "तेव्हा राहिलं होतं" असं म्हणत विचारलं.

सासूबाईंना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण नवऱ्याचे चार शब्द त्यांना संसारात राहून पाठ झाले होते. जेवताना मामंजी म्हणाले, "आज आमटीतलं मीठ नोटिसेबल आहे," की त्या समजत मीठ जास्त पडलंय. "वांग्याचं भरीत नोटवर्दी" म्हटलं की न विचारता दुसऱ्यांदा वाढत. नोटेबल हे फक्त त्यांच्या माहेरच्या पुरणपोळीला, कारण ती पंचक्रोशीत आधीच प्रसिद्ध होती आणि मामंजींच्या मते त्यात सासूबाईंचं कर्तृत्व काही नव्हतं. यावरून दर होळीला दोघांचं वाजे. शेजारी पहिला नातू झाला तेव्हा बारशाला गेलेल्या मामंजींना मुलाच्या आजीनं कौतुकानं विचारलं, "कसा आहे आमचा बाळ?" दुसरा कोणीही "गोड आहे" म्हणून मोकळा झाला असता. मामंजी पाळण्यापाशी वाकले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले. बाळ टाहो फोडत होतं. "तूर्त नोटिसेबल," ते म्हणाले. "पुढचं वीस वर्षांनी सांगता येईल." त्या घराशी आमचा पापड-लोणच्याचा व्यवहार त्यानंतर सहा महिने बंद होता.

पण ते कोणाला दुखवायला असं बोलत नसत, हे सांगायला हवं. उलट चुकीचा शब्द वापरला तर समोरच्यावर अन्याय होईल अशी त्यांना खरीखुरी भीती वाटे. एखाद्याला जास्त दिलं तर दुसऱ्या कोणाच्या वाट्याचं कमी होतं, असा त्यांचा हिशेब. तीन जाडजूड इंग्रजी कोश त्यांच्या बैठकीशेजारी असत आणि दुपारी चहाच्या वेळेला ते मला हाक मारत, "सूनबाई, जरा ये. एक अडचण आहे." मग मी पदर सावरून उंबऱ्याशी बसे, आणि शाळेतल्या मुलांची वाढलेली हजेरी नोटिसेबल म्हणावी की नोटवर्दी यावर आमचा खल चाले. हजेरी वाढली होती कारण शाळेत दुष्काळाची खिचडी सुरू झाली होती. "मग नोटवर्दी खिचडी आहे, हजेरी नाही," मी म्हटलं. मामंजींनी तसंच लिहिलं. शाळेत शिकवणाऱ्या माझ्या नवऱ्यानं ते वाचून दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

कचेरीत त्यांचं भांडण होतं ते कारभारीसाहेबांशी. सरकारांच्या, म्हणजे आमच्या संस्थानिकांच्या, नावानं सगळा कारभार तेच पाहत. बाई-माणसाला ते फारसे भेटत नसत, पण मामंजी रोज घरी येऊन दोघांचेही संवाद हावभावांसकट करून दाखवत, त्यामुळे मला ते पुरते ठाऊक होते. कारभारीसाहेबांना विशेषणं जोडीनं आणि तिकडीनं आवडत. सरकारांचा वाढदिवस 'मोस्ट रिमार्केबल अँड मॅग्निफिसंट' व्हायला हवा असे. मामंजी लिहीत, 'नेहमीप्रमाणे साजरा झाला.' यावर दर वर्षी एप्रिलात आठवडाभर रण माजे आणि शेवटी दोघांनाही न आवडणारा एखादा मधलाच शब्द छापला जाई.

मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात रेसिडेंटसाहेब संस्थान पाहायला येणार असं ठरलं. साहेब जतहून येतील असं धरून कारभारीसाहेबांनी जतच्या रस्त्यावर बांबूची भलीमोठी कमान उभी केली. तिला कागदाची फुलं, जरीचे पट्टे आणि वर इंग्रजीत स्वागत. साहेब आले ते मिरजेच्या रस्त्यानं, गावाच्या दुसऱ्या टोकाकडून. परत जाताना त्यांनी मोटारीतून लांबवर बोट करून विचारलं, "ते काय आहे?" एवढंच. अहवालाच्या कच्च्या मसुद्यात मामंजींनी लिहिलं की स्वागतासाठी उभारलेली कमान नोटिसेबल होती.

"अण्णा," कारभारीसाहेब म्हणाले. गावात सगळे मामंजींना अण्णाच म्हणत. "एवढी माणसं राबली, आणि नुसतं नोटिसेबल?"

"साहेबांना ती दिसली, साहेब. त्यांनी विचारलंसुद्धा. दिसली तेवढी नोंद मी केली आहे."

कारभारीसाहेबांनी तो शब्द खोडून स्वतःच्या हातानं 'मॅग्निफिसंट' लिहिलं. मामंजी घरी येऊन न जेवता पडून राहिले. सासूबाईंनी मला विचारलं, "कोण गेलं गं?" मी म्हटलं, "एक विशेषण गेलं."

त्याच वर्षी शिमगा झाला आणि गावात पटकीची साथ आली. पाणी आधीच आटलेलं. गावात पिण्याच्या पाण्याची एकच मोठी विहीर जिवंत होती, चावडीमागची. पहिल्या चार दिवसांत उलट्या-जुलाबांनी माणसं धडाधड गेली. दवाखान्याचे डॉक्टर स्वतःच आजारी पडले आणि त्यांना बैलगाडीत घालून मिरजेला न्यावं लागलं. मागे राहिला एक कंपाउंडर आणि दवाखान्यात झाडलोट करणारी, बाटल्या धुणारी बाई. तिचं नाव तायव्वा. ती धनगराची विधवा होती. वय पन्नाशीचं, काठीसारखी उंच, आवाज मेंढरं वळवून वळवून मोठा झालेला. कंपाउंडरनं विहिरीत तांबडं औषध टाकलं आणि सांगितलं की घरची भांडी विहिरीत बुडवायची नाहीत, नाहीतर औषध टाकून उपयोग नाही. हे तो सांगून निघून गेला. ऐकलं फक्त तायव्वानं. ती दवाखान्याची एक धुतलेली बादली आणि नवऱ्याची मेंढरं राखायची काठी घेऊन विहिरीच्या तोंडाशी जाऊन बसली, आणि अकरा दिवस तिथून उठली नाही.

मी स्वतः तिला पाहिलं आहे. उन्हात डोक्यावर घोंगडी घेऊन ती काठावर उभी असे. कोणीही आलं की घागर लांब ठेवायला लावी, स्वतः बादलीनं पाणी शेंदी आणि वरून घागरीत ओती. हात फुटले, चिंध्या बांधल्या, पुन्हा शेंदायला लागली. माणसं चिडत, शिव्या देत. ती म्हणे, "द्या की शिव्या, त्यानं पटकी होत न्हाई." एक दिवस कारभारीसाहेबांचा पाणक्या मोठ्या ऐटीत आला आणि त्यानं सरळ आपली कळशी विहिरीत सोडली. तायव्वानं काठीनं दोर धरला, कळशी वर ओढली आणि बाजूला उपडी करून ठेवली. तो रडत गेला आणि खुद्द कारभारीसाहेबांना घेऊन आला. सगळं गाव बघायला जमलं, मीही आमच्या परसातून बघत होते.

"तू कोण गं मला अडवणारी?" कारभारीसाहेब गरजले.

"मी कोन बी न्हाई, सायेब. इहिरीवर बसलीया." तिनं काठी खाली ठेवली, पण वाटेतून हलली नाही. "आवं, तुमास्नीच पटकी झाली तर गाव कुनी चालवायचं? कळशी हितं ठिवा. मी भरून देते."

कारभारीसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग जमलेल्या माणसांकडे पाहिलं. कळशी ठेवली. तिनं भरून दिली. त्यानंतर गावात कोणी तिच्याशी हुज्जत घातली नाही, आणि साथही हळूहळू ओसरत गेली. आजूबाजूच्या खेड्यांत ती पावसाळ्यापर्यंत रेंगाळली. आमच्याकडे तायव्वाच्या त्या अकरा दिवसांत थांबली.

डॉक्टर बरे होऊन परतले आणि पुढच्या पंधरवड्यात तायव्वाला दवाखान्यातून काढलं. ती हंगामी होती, तिची गरज उरली नाही, असं कारण कागदावर आलं. खरं कारण काय ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही सगळे गप्प होते. आम्हीही गप्प होतो, हे मी लपवणार नाही. ती परसदारी येऊन सासूबाईंना सांगून गेली, "वैनी, आता मेंढरामागं जाते बगा दुसऱ्याच्या." तक्रारीचा सूर नव्हता. सासूबाईंनी तिला भाकरी-पिठलं दिलं, आणि ती गेल्यावर स्वतः जेवल्या नाहीत.

मामंजी तेव्हा अहवालाच्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रकरणावर आले होते. एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. तिन्ही कोश उघडे होते आणि कागदावर एकच वाक्य होतं: सार्वजनिक विहिरीवर दवाखान्यातील बाई तायव्वा हिनं अकरा दिवस केलेली राखण, आणि पुढे मोकळी जागा.

"नोटिसेबल तर नव्हेच," ते म्हणाले. "कमानीला दिलेला शब्द मी हिला देणार नाही. नोटेबल म्हणावं तर तिला ओळखतं कोण? राहिला नोटवर्दी. शब्द चांगला आहे. योग्य आहे. पण मनाला पटत का नाही?"

मी काही बोलायच्या आत ते उठले, डोक्याला पागोटं घातलं आणि भर उन्हात चालू लागले. तासाभरानं परतले ते घामानं निथळत. गावाबाहेर मेंढरांच्या तळावर जाऊन ते तायव्वाला भेटून आले होते. "मी तिला विचारलं, तुला विहिरीवर बस म्हणून कोणी सांगितलं होतं? म्हणाली, कुनी न्हाई. म्हटलं, मग का बसलीस? म्हणाली, आवं अण्णा, पानी तर समद्यास्नीच लागतंय की." ते पाटावर बसले, पाण्याचा तांब्या हातात घेतला आणि न पिताच खाली ठेवला. "सूनबाई, मी सबंध वाटेत हेच एक वाक्य स्वतःशी बोलत आलो. रस्त्यात दोन माणसं भेटली, त्यांनाही सांगितलं. आता तुला सांगतोय. याचा अर्थ काय झाला?"

"बोलल्यावाचून राहवत नाही," मी म्हटलं. "पण मामंजी, नोटवर्दी लिहिलंत तर एखादे वेळी कारभारी चालवून घेतील. रिमार्केबल लिहिलंत तर अख्खं वाक्य जाईल. तुमच्या नोकरीवरही येईल."

"ते मी विचारत नाही. खरं काय ते सांग."

"खरं रिमार्केबल."

"मग झालं तर," असं म्हणून त्यांनी टाक उचलला.

झालं मी म्हटलं तसंच. कारभारीसाहेबांनी ते वाक्य तांबड्या शाईनं या टोकापासून त्या टोकापर्यंत खोडलं. युद्धामुळे कागदाची टंचाई आहे, झाडलोट करणाऱ्या बायकांची नावं छापायला कागद नाही, असं ते म्हणाले. मामंजींनी उत्तर दिलं की कमानीला दीड पान लागलं आहे. कारभारीसाहेबांनी त्यांना बाहेर जायला सांगितलं.

अहवाल सांगलीच्या एका छापखान्यात छापला जाई आणि मुद्रितं तपासायला मामंजी दर वर्षी स्वतः जात. त्या वर्षी मला सातवा महिना होता आणि बाळंतपणासाठी मला साताऱ्याला माहेरी सोडायचं होतं. म्हणून वाटेत सांगलीला उतरून मुद्रितांचं काम उरकायचं आणि मग पुढची गाडी धरायची असं ठरलं. छापखान्यातला वाचक त्याच दिवशी तापानं घरी. मूळ कागद मोठ्यानं वाचायला कोणी नव्हतं. मामंजींनी कागदांचा गठ्ठा लोटून माझ्यासाठी बसायला जागा केली आणि म्हणाले, "तूच वाच." एवढ्या पुरुषांत, तसल्या अवस्थेत, मी आमच्या राज्याचा कारभार इंग्रजीतून मोठ्यानं वाचायला लागले. मामंजी समोर मुद्रितं धरून चुका काढत होते. छपाईचे खिळे जुळवणारा कामगार वाकून ऐकत होता.

कमानीचं पान आलं. 'मॅग्निफिसंट' वाचताना मी थबकले. मामंजींनी मान हलवली. "राहू दे. एका वेळी एकच भांडण."

मग आरोग्याचं प्रकरण आलं, आणि ती तांबडी रेघ आली. रेघेखालचं वाक्य स्वच्छ वाचता येत होतं. मी मामंजींकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. कपाळावर घाम होता. घरात माझ्या दोन धाकट्या नणंदा लग्नाच्या होत्या, आणि मीही त्यांच्याच घरचं एक येणारं माणूस पोटात घेऊन बसले होते. त्यांना ते सगळं दिसत होतं, हे मला दिसत होतं.

"वाच," ते म्हणाले.

मी वाचलं. एकही शब्द न गाळता, तायव्वाचं नाव जरा मोठ्यानंच वाचलं. खिळे जुळवणाऱ्यानं डोकं खाजवलं. "अण्णा, ही ओळ तर तांबड्या शाईनं खोडल्याली हाय न्हवं?"

"खोडली होती," मामंजी म्हणाले. "आता ती परत घ्यायची आहे. लिहून देतो, सही करतो. तुमच्यावर काही यायचं नाही."

"सही कशाला? लय चांगली बाई दिसतीया," तो म्हणाला आणि खिळे उचलायला लागला. मामंजींनी तरीही सही केली.

अहवाल छापून झाला, कोल्हापूरला गेला. मला साताऱ्याला मुलगी झाली. दिवाळीला मी परत आले तेव्हा मामंजी निम्मे झाले होते. रोज कचेरीत जाताना त्यांना वाटे की आज बोलावणं येणार. कारभारीसाहेबांनी अहवाल उघडून कमानीचं पान वाचलं, खूश होऊन मिटला आणि कपाटात ठेवला होता. पुढचं कोणीच वाचलं नव्हतं. महिना गेला, दुसरा गेला. मग मामंजींची भीती ओसरून त्यांना रागच यायला लागला. "एवढा शब्द मी छापला," ते मला म्हणाले, "आणि अख्ख्या संस्थानात तो कोणाच्या लक्षात येऊ नये? मग आम्ही लिहायचं तरी कशाला?"

लक्षात आला तो कोल्हापुरात. रेसिडेंटसाहेबांच्या कचेरीतून चार ओळींचं पत्र आलं. कमानीबद्दल अक्षर नाही. अमुक पानावर उल्लेखिलेल्या बाईसाठी दरबारानं काय केलं आहे, ते कळवावं. कारभारीसाहेबांनी अहवाल उघडून ते पान काढलं, आणि मग मामंजींना बोलावलं. तो प्रसंग त्यांनी संध्याकाळी आम्हाला जसा करून दाखवला तसा सांगते. कारभारीसाहेब आधी ओरडले, मग घसा बसला, मग नुसते येरझाऱ्या घालायला लागले. शेवटी खुर्चीत बसून म्हणाले, "आता याला उत्तर काय द्यायचं?"

"जे खरं आहे ते, साहेब. बाईला कामावरून काढलं, असं लिहू."

कारभारीसाहेबांनी पत्र उचलून पुन्हा वाचलं.

"दुसरं काही लिहायचं असेल," मामंजी म्हणाले, "तर ते आधी खरं करावं लागेल."

त्याच दुपारी तायव्वाला दवाखान्यात कायम नेमल्याचा हुकूम निघाला. शाई वाळल्यावर मामंजींनी कोल्हापूरला उत्तर लिहिलं. दहा दिवसांनी दुसरा हुकूम निघाला. मामंजींना अहवालाच्या कामावरून काढून कोंडवाड्याच्या नोंदवहीवर नेमण्यात आलं होतं.

सासूबाई रडल्या. मला वाटलं मामंजी आता खचणार. पण दुसऱ्या दिवशी ते तिन्ही कोश फडक्यात बांधून कोंडवाड्यात गेले. मोकाट सुटलेली जनावरं पकडून तिथं ठेवत, आणि मालकानं वर्णन सांगून आपलं जनावर ओळखायचं असे. आजवर त्या वहीत 'म्हैस, काळी' एवढंच असे, त्यामुळे रोज मारामाऱ्या होत. मामंजींनी एकेका म्हशीचं असं वर्णन लिहायला सुरुवात केली की मालकाला आपली म्हैस न बघताही भेटल्यासारखं वाटावं. महिन्याभरात कोंडवाड्यातल्या मारामाऱ्या थांबल्या. जतकडचा एक शेतकरी आपल्या खोंडाचं वर्णन वाचून घेऊन म्हणाला, "अण्णा, येवडं तर माज्या पोराचं बी कुनी लिवलं न्हाई." त्या दिवशी मामंजी घरी आले ते अहवालाच्या दिवसांतही कधी आले नव्हते एवढ्या खुशीत.

कोंडवाड्यात त्यांनी तीन वर्षं काढली. मग स्वराज्य आलं आणि पाठोपाठ संस्थानं विलीन झाली. सरकारांनी सही केली, कचेरीला कुलूप लागलं, दफ्तरं गाड्यांत भरून जिल्ह्याच्या ठिकाणी गेली. कारभारीसाहेब पुण्याला मुलाकडे राहायला गेले. जाण्याआधी ते एकदा आमच्या घरी आले, मामंजींशी हवापाण्याचं बोलले, आणि चहा पिऊन गेले. दवाखाना जिल्ह्याच्या ताब्यात गेला आणि तायव्वाची बदली कडेगावच्या बाजूला झाली.

जायच्या दिवशी दुपारी ती निरोप घ्यायला आली. काखेत बोचकं, अंगावर नवं लुगडं. मामंजी ओसरीवर बसले होते, मी मुलीची वेणी घालत होते. तायव्वा पायरीवर टेकली. थोडं इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग ती म्हणाली, "अण्णा, एक इचारू का? त्या सायबाच्या पुस्तकात तुमी माजं नाव घातल्यालं म्हनं. काय लिवलंय त्यात?"

काय लिहिलंय ते तिला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. मामंजी एकदम सावरून बसले. "लिहिलंय की तू रिमार्केबल..." ते थांबले. "म्हणजे उल्लेखनीय."

"म्हंजी?"

"म्हणजे लक्षणीय. लक्षणीय म्हणजे..." ते पुन्हा थांबले. "दखल घेण्याजोगी."

"दखल पोलीस घेत्यात, अण्णा," ती काळजीनं म्हणाली.

मला हसू आलं, पण मामंजींचा चेहरा पाहून मी ते गिळलं. मी त्यांना असं शब्दासाठी चाचपडताना कधीच पाहिलं नव्हतं. त्यांनी सवयीनं कोशाकडे हात नेला, आणि मध्येच मागे घेतला. त्यांची नजर तिच्या हातांवर गेली.

"तायव्वा," ते शेवटी म्हणाले, "तू अकरा दिवस विहिरीवर बसली होतीस, असं लिहिलंय."

तिचा चेहरा उजळला. "व्हय, बसले हुते की," ती म्हणाली. "खरंच लिवलंय मग." तिनं मान डोलावली, बोचकं उचललं, माझ्या मुलीच्या गालांवरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली, आणि निघाली. मिरजेच्या रस्त्याच्या वळणावर ती दिसेनाशी झाली तरी मामंजी ओसरीच्या खांबाला धरून उभेच होते. सासूबाईंनी आतून दोनदा सांगितलं की चहा निवतोय. "आलो," ते म्हणाले, आणि आले नाहीत.